कुदर्नाच्या गोल गोठ्यातला खांब

वोइटेक कुदर्ना कुणाच्याही घरात शिरला की आधी वर बघायचा. यजमान हात पुढे करून उभा असायचा आणि हा आढ्यावरून, वाशांवरून नजर फिरवून मगच टोपी काढायचा. चर्चमध्येही तेच. नवख्या माणसाला वाटायचं, भारी भाविक दिसतो. खरं कारण मला बारबोरानं, त्याच्या बायकोनं, एकदा बटाटे सोलता सोलता सांगितलं. तिकडे बोहेमियात, तो नऊ वर्षांचा असताना, बर्फाच्या ओझ्यानं त्यांच्या गोठ्याचं छप्पर बसलं. गाई सोडायला आत गेलेला बाप दोन गाईंसकट त्याखाली राहिला. "त्याच्यासमोर नको हं बाई," असं म्हणून तिनं पुढचा बटाटा उचलला.

विस्कॉन्सिनच्या डोंगराळ भागातल्या त्या खोऱ्यात मी १९११ साली शाळेवर आले. एका खोलीची शाळा, आणि शिक्षिकेनं गावातल्याच कुठल्यातरी कुटुंबात राहायचं, अशी रीत होती. मला कुदर्नांकडे माडीवरची खोली मिळाली आणि पुढे पाच वर्षं मी त्यांच्याच टेबलाशी जेवले. त्यामुळे इथे लिहिते आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं बारबोराकडून कळलेलं.

कुदर्ना बेताच्या उंचीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बोलणं फार कमी. कुणाला नाही म्हणायचं झालं तर 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. तो 'बघू' म्हणायचा, आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. गाईंना तो स्वतः नावं देत नसे. ज्याच्याकडून गाय घेतली त्याचं आडनाव तिला चिकटायचं. त्यामुळे सकाळी न्याहारीला "आज मिसेस ओल्सननं लाथ मारली" किंवा "श्मिटबाई चारा खात नाहीत" असलं काहीतरी ऐकू यायचं, आणि मी पहिल्या आठवड्यात कॉफीचा पेला हातातून सोडला होता. तो स्वतः मात्र हसायचा नाही.

त्यांचा जुना गोठा त्या वर्षी अगदीच मोडकळीला आला होता. नवा बांधायला बारबोरानं डोंगरापलीकडच्या हाल्वर क्वामेला बोलावलं. हा नॉर्वेजियन सुतार गोल गोठे बांधायचा. त्याआधी त्यानं तीन बांधले होते, तिन्ही लहान. बारबोराला गोल गोठा हवा होता, कारण गाईंना चारा घालायचं काम तिचं होतं. लांबट गोठ्यात चौदा गाईंच्या पुढून दिवसातून दोनदा ये-जा करून तिचे गुडघे गेले होते. गोल गोठ्यात गाई मधल्या बाजूला तोंडं करून गोलाकार उभ्या राहतात. वैरण मधोमध रचलेली. एका जागी उभं राहून चहूकडे फिरवलं की झालं.

कुदर्ना कुंपणाला टेकून नकाशा बघत होता. नकाशा म्हणजे फळीवर खडूनं काढलेलं एक वर्तुळ.

"मधला खांब कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"खांब नाही," हाल्वर म्हणाला.

"मग छप्पर कशावर उभं राहणार?"

"स्वतःवर."

हाल्वरनं अंगणातलं सार्वक्राउटचं, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं, लाकडी पीप पायानं ढकललं. "याच्या मधे खांब आहे का? कड्यांनी धरलंय. तुमच्या गोठ्यालाही कडी असतील. खाली एक, भिंतीच्या माथ्यावर एक, आणि वर वासे जिथे एकत्र येतात तिथे एक. वासे खाली सरकायला बघतात, वरचं कडं म्हणतं, मी आहे. बाहेर पसरायला बघतात, भिंतीवरचं कडं म्हणतं, मी आहे."

"आणि बर्फ?"

"बर्फ पडला की सगळे अजून घट्ट धरतात."

"बघू," कुदर्ना म्हणाला. पण बारबोरा मधे आली. "बघू-बिघू काही नाही. कधी सुरू करता?"

तो गोठा बांधताना पाहणं हा माझ्यासाठी मोठाच धडा होता. हाल्वर दोरीनं वर्तुळ आखत नसे. दोरी ओली झाली की ताणते, म्हणायचा. मधोमध खुंटी ठोकून त्यानं तीस फुटांची लाकडी पट्टी तिच्याभोवती फिरवली. चुनखडीच्या दगडाचं जोतं घातलं. कड्यांसाठी एल्मच्या झाडाच्या ताज्या, पातळ फळ्या आठवडाभर ओढ्याच्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवल्या. मऊ झाल्या की एकेक फळी जोत्याभोवती वाकवायची, खिळे ठोकायचे, तिच्यावर दुसरी, सांधा सांध्यावर येऊ न देता. असे सात थर. ओढ्यावर पाणी प्यायला येणारे लोक त्या बुडवलेल्या फळ्या बघून हसायचे.

गावाचं हसण्याचं ठिकाण म्हणजे चीजचा कारखाना. रोज सकाळी सगळे शेतकरी दुधाच्या कॅन घेऊन तिथे जमत. चीज करणारा रूडी नावाचा स्विस माणूस होता. तो दूध मोजून घेता घेता सगळ्यांची खेचायचा.

"काय कुदर्ना, गोल गोठा? मग बारबोरा रुसली तर कोपऱ्यात बसणार कशी?"

"ती रुसली की मलाच बाहेर बसावं लागतं," कुदर्ना म्हणाला. वर्षभर लोक हे वाक्य एकमेकांना सांगत होते, कारण कुदर्नानं केलेला तो बहुधा एकमेव विनोद.

छप्पर चढवताना वरचं कडं पेलून धरायला मधोमध उंच परांची उभी केली होती. वासे, फळ्या, लाकडी कौलं सगळं झाल्यावर ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ती काढायची होती. हाल्वरनं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि एकटा आत गेला. आम्ही पाचर ठोकून काढल्याचे आवाज मोजत उभे होतो. बारा पाचरी. बारावीनंतर वरून एक लांब करकर ऐकू आली, माणूस खुर्चीत बसताना खुर्ची करते तशी, आणि मग काही नाही. हाल्वर बाहेर आला, कपडे झटकले आणि बारबोराला म्हणाला, "आता नाचा."

आत मधोमध मोकळं आकाश असावं असं वाटत होतं. संध्याकाळी तिथे फिडल वाजलं, कोलाचे नावाचे गोड पाव आणि बिअर झाली, नॉर्वेजियन आणि बोहेमियन एकत्र नाचले. कुदर्ना मात्र ताटली घेऊन दाराच्या उंबऱ्यावर बसला. आत यायला कुणी म्हटलं की "इथे वारा चांगला आहे," म्हणायचा.

महिन्याभरानं बारबोराचा भाऊ गाडीवर ओकचं एक जाडजूड खोड घालून आला. त्यानं आणि कुदर्नानं मिळून ते गोठ्याच्या मधोमध उभं केलं. खाली एक मोठा चपटा दगड, वर कड्याखाली पाचरी मारून घट्ट. बारबोरा दुधाची बादली घेऊन उभी राहिली.

"हे काय?"

"आधार."

"हाल्वरला विचारलंस?"

"त्याला कशाला? त्याला वाईट वाटेल."

माणसाचं मन दुखवू नये म्हणून न सांगणं, ही आमच्या खोऱ्यातली सभ्यता होती. मीही तो खांब पाहिला आणि काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून कुदर्ना गोठ्यात शीळ घालत काम करू लागला. त्याची शीळ मी तेव्हा प्रथम ऐकली.

दोन हिवाळे सुरळीत गेले. हाल्वरचं नाव होत होतं. १९१४च्या उन्हाळ्यासाठी दोन मोठे गोल गोठे त्याच्याकडे ठरले. मग १९१३चा उन्हाळा कोरडा गेला. गवत निम्म्यानंही आलं नाही. एरवी एप्रिलपर्यंत पुरणारी मधली गंजी जानेवारीतच संपली आणि गोठ्याच्या मध्यावर उघडी जमीन दिसू लागली. त्यातच तीन आठवडे असा गारठा पडला की शाळेतली शाई रोज सकाळी चुलीजवळ ठेवून वितळवावी लागे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी धारा काढायच्या वेळी गोठ्यात बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. कुदर्ना आणि बारबोरा बादल्या टाकून बाहेर धावले. छप्पर पडलं नाही. पण वरचं कडं एका जागी तडकलं होतं, तीन वासे जागचे सुटले होते आणि फाकलेल्या कौलांमधून गाईंच्या पाठीवर बर्फ भुरभुरत होता.

कुदर्नानं खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. हे बारबोरानं सांगितलं म्हणून मी लिहिते. "हा होता म्हणून," तो म्हणत होता, "हा होता म्हणून."

कारखान्यावर त्यानं तेच सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं, त्याचा तसा विश्वास होता. "हाल्वरचं कडं तडकलं. मी खांब घातला होता म्हणून वाचलो." आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याच्याभोवती उभे राहून त्याचं ऐकत होते. "शहाणा माणूस," रूडी म्हणाला, "बोलत नाही, पण डोकं चालतं." पंधरवड्याच्या आत हाल्वरची दोन्ही कामं मोडली. खांबाशिवाय छप्पर बांधणारा सुतार म्हणजे आपल्या बायकापोरांच्या डोक्यावर धोंडा, असं लोक बोलू लागले. हाल्वरनं निरोप पाठवला, 'मला येऊन बघू द्याल का?' कुदर्नाला त्याच्यासमोर उभं राहायचं संकट वाटलं. त्यानं निरोप्याला सांगितलं, "बघू."

एप्रिलमध्ये जमीन मोकळी झाली आणि पाऊस सुरू झाला. फाकलेल्या कौलांमध्ये चिंध्या कोंबायला बारबोरा शिडी लावून वर चढली. बराच वेळ ती खाली आली नाही. मग तिनं हाक मारली.

"वोइटा! आणि बाई, तुम्हीपण या. जुनं वर्तमानपत्र घेऊन या."

मी शिडीवरून तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं. तिनं त्याची घडी घातली आणि खांबाचा माथा आणि कडं यांच्या मधून ती अलगद आरपार ओढली. एकदा, दोनदा. पाचरी केव्हाच गळून खाली पडल्या होत्या. खांबाचा माथा कशालाच टेकलेला नव्हता. मधे चांगली फट होती, आणि पलीकडचा उजेड दिसत होता.

कुदर्ना वर चढला. त्यानं फटीत तळहात घातला आणि तसाच ठेवला. मग खाली येऊन धारेच्या स्टुलावर बसला.

"म्हणजे आत्ता हे छप्पर कशावर उभं आहे?"

"स्वतःवर," बारबोरा म्हणाली. "तडकलेलं असूनसुद्धा."

पुढचं त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे दर वसंतात शेतात नवे दगड वर येतात. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि जमीन सगळं वर ढकलते. कुदर्ना दर एप्रिलमध्ये दगड वेचायचा, वर आलेल्या फाटकाच्या खुंट्या परत ठोकायचा. हे त्याला हाताच्या रेषांइतकं माहीत होतं. फक्त छपराखालच्या जमिनीबद्दल त्याच्या मनात कधी आलं नाही. दोन वर्षं वैरणीची गंजी गोधडीसारखी त्या जमिनीवर होती. तिसऱ्या वर्षी जमीन उघडी पडली, गोठली, वर आली, आणि दगडावरच्या त्या ओकच्या खांबानं खालून कड्याला इतकं रेटलं की ते फुटलं. बर्फ वितळल्यावर जमीन खाली बसली, तिच्याबरोबर खांबही. छप्पर हाल्वरचं होतं आणि ते उभंच होतं. फोडणारा खांब कुदर्नाचा.

त्यानंतर नऊ दिवस तो रोज कारखान्यावर जाऊन आला. परत आला की बारबोरा कॅन धुताना विचारायची, "सांगितलंस?"

"बघू."

ती भांडली नाही. त्याचं ताट वाढत होती, मोजे रफू करत होती. दहाव्या दिवशी संध्याकाळी मात्र म्हणाली, "उद्या दूध मी नेते."

"बायका दूध नेत नाहीत."

"मग नेणाऱ्यानं बोलावं."

त्यानं टेबलावरचा पावाचा चुरा तळहातानं गोळा केला. मग माझ्याकडे वळला. "बाई, उद्या रविवार आहे. चर्चमधली प्रार्थना झाली की हाल्वरकडे जाऊ. माझं इंग्रजी मोडकं. शब्द अडला तर द्या. पण मी मागेपर्यंत देऊ नका."

हाल्वर अंगणात कोंबड्यांचं खुराडं बांधत होता. छपरं उभारणारा तो माणूस गुडघ्यांवर बसून एवढ्याएवढ्या पट्ट्या ठोकत होता, हे बघून मला कुठे बघावं कळेना. त्यानं उठून आमचं स्वागत केलं नाही. कुदर्नानं टोपी काढली.

"कडं मी फोडलं."

हाल्वरचा हातोडा थांबला.

"खांब घातला होता. तुम्ही गेल्यावर. जमीन फुगली. खांबानं वर ढकललं." प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता, पण माझ्याकडे एकदाही वळला नाही. "आता खांब मोकळा आहे. छप्पर उभं आहे. तुमचं बरोबर होतं."

"खालचा दगड किती खोल आहे?" हाल्वरनं विचारलं.

"खोल नाही. जमिनीवर."

"जमिनीवर?"

"हो."

"नुसता जमिनीवर?" हाल्वर उठून उभा राहिला. इतका वेळ शांत असलेला माणूस आता चिडला होता. "या प्रांतात वीस वर्षं राहून माणूस जमिनीवर दगड ठेवून त्यावर खांब उभा करतो? साधं फाटक तरी असं कुणी लावतं का?"

"चूक झाली."

"भीती वाटत होती तर सांगायचं होतं ना. मी चार फूट खाली, गोठणाऱ्या जमिनीच्या खाली, पाया घेऊन खांब दिला असता. आणि वर दोन बोटं मोकळी सोडली असती."

कुदर्ना गोंधळला. "छपराला टेकतच नाही, तर खांब कशाला?"

"छपराला नको होता. तुम्हाला हवा होता."

हे ऐकून कुदर्नानं चेहरा फिरवला. हाल्वर खाली वाकून खिळे गोळा करू लागला, जणू काही दिसलंच नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "माझी दोन कामं गेली."

"माहीत आहे."

"लोकांना कोण सांगणार?"

"मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदर्नानं कारखान्याच्या ओट्यावर कॅन उतरवल्या आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला. मी शाळेच्या वाटेवर होते. वाट तिथूनच जात होती, पण त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश चालले हे कबूल करते.

"ऐका," तो म्हणाला. त्याचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे सगळे लगेच वळले. "हाल्वरचं छप्पर मी मोडलं. खांबानं वाचवलं नाही, खांबानं मोडलं. दगड उघड्या जमिनीवर ठेवला होता. हिवाळ्यात तो वर आला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "म्हणजे शेतातले दगड वेचून गोठ्यात पेरलेस?"

"हो."

"आणि दोन महिने आम्हाला शहाणपण शिकवत होतास?" रूडी म्हणाला.

"हो."

"आणि तो बिचारा नॉर्वेजियन?"

"म्हणून तर सांगतोय."

लोकांना अजून टोमणे मारायचे होते, पण 'हो' म्हणणाऱ्या माणसाला टोमणा मारण्यात मजा उरत नाही. दूध मोजणं पुन्हा सुरू झालं. बातमी मात्र अर्धीच पोचली. चुकीचं ऐकलेलं जितक्या झपाट्यानं खोरी ओलांडून गेलं होतं तितक्या झपाट्यानं खरं काही गेलं नाही. त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकानं आपलं काम आधीच दुसऱ्या सुताराला देऊन टाकलं होतं. दुसऱ्यानं बेत रद्द केला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही हाल्वरनं खुराडी बांधली, शवपेट्या केल्या.

जूनमध्ये तो आमच्याकडे येऊन कडं दुरुस्त करून गेला. तडकलेल्या जागी दोन्ही बाजूंनी एल्मच्या नव्या पट्ट्या बसवल्या, वासे जागेवर ओढले. मग न सांगता मधोमध खड्डा खणायला घेतला. कुदर्ना फावडं घेऊन त्याच्यासोबत उतरला. चार फूट आणि वर थोडं. तळापासून जमिनीपर्यंत दगडी पाया रचून त्यावर तोच ओकचा खांब त्यांनी पुन्हा उभा केला, हाल्वरनं वर चढून त्याचा माथा कापला आणि आपली दोन बोटं आडवी घालून फट मोजली. गावानं कुदर्नाला 'दोन-बोट्या' म्हणायला सुरुवात केली. तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

परवा विद्यापीठाची काही मंडळी जुन्या गोठ्यांची नोंद करत आमच्या खोऱ्यात आली होती. त्यांनी मोजमापं फार सुरेख घेतली आहेत, पण एके ठिकाणी 'छताला मध्यवर्ती खांबाचा आधार' असं लिहिलं आहे. खालून बघणाऱ्याला तसंच वाटणार, त्यात त्यांचा दोष नाही. हाल्वर आणि कुदर्ना दोघेही आता नाहीत, बारबोराही नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आणखी एकच गोष्ट सांगायची राहिली. १९१६च्या मार्चमध्ये वरच्या पठारावरचा ब्लाहा नावाचा शेतकरी आमच्याकडे आला. गोल गोठा बांधायचं त्याच्या मनात होतं, पण हाल्वरबद्दल ऐकलेलं मनातून जात नव्हतं. तेव्हा जाऊन बघावं म्हणून आला. बाहेर दोन फूट बर्फ होता आणि छपरावरही तेवढाच. कुदर्ना जेवत होता. हातातला घास खाली ठेवून तो उठला. माझा पाय मुरगळला होता म्हणून शाळा बंद होती. मी खिडकीतून बघते आहे हे पाहून बारबोरा मला हात धरून गोठ्यात घेऊन गेली.

आत गेल्यावर ब्लाहा खांबाकडे बोट दाखवून म्हणाला, "म्हणजे शेवटी खांब लागतोच."

"आधी मी काय केलं ते ऐका," कुदर्ना म्हणाला. आणि दगड, जमीन, कडं, कारखान्यावरची फुशारकी, हाल्वरचा न स्वीकारलेला निरोप, सगळं त्यानं सांगितलं. काहीही गाळलं नाही. ब्लाहाला माहीत नसलेलं, आणि कधीही कळलं नसतं असंसुद्धा सांगितलं. मग शिडी लावली. "वर जा. हात घाला."

ब्लाहा वर गेला. आम्ही तिघं खाली उभे राहून त्याच्या बुटांकडे बघत होतो. त्याचा हात फटीतून आरपार गेला, तो परत आला, पुन्हा गेला.

"एवढा बर्फ आहे वर," तो वरूनच म्हणाला.

"आहे."

"आणि हे कशालाच टेकलेलं नाही."

"नाही."

तो खाली उतरला, हात पँटला पुसले. "मग हा खांब कुणासाठी?"

"माझ्यासाठी," कुदर्ना म्हणाला. "माझा बाप छपराखाली गेला."

ही गोष्ट त्याच्या तोंडून बारबोरानंसुद्धा फार वर्षांत ऐकली नव्हती. तिनं माझा दंड घट्ट धरला. ब्लाहानं एकदा वर कड्याकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "हाल्वर राहतो कुठे? आज जाऊन येता येईल?"

"बर्फ फार आहे. वाट सापडायची नाही," कुदर्ना म्हणाला, आणि खुंटीवरचा कोट काढून अंगात घालू लागला. "चला, मी येतो."